मेडिकल चुकलेल्यांची तुकडी

झूलॉजी शिकलेल्या माणसांना एकत्र जेवायला बोलावू नये, असं माझा नवरा म्हणतो. त्याचं खरं आहे. ताटात कोंबडीची तंगडी आली की एक जण हाडाचं नाव सांगतो, दुसरा 'चूक!' म्हणतो, आणि जेवण राहतं बाजूला. मग एका किश्शाला दुसरा चिकटतो, दुसऱ्याला तिसरा. मुद्दाम कुणी जपून ठेवलेले नाहीत. माळ्यावर सामान साठतं ना, तसे साठलेत. काढायला गेलं की धूळ उडते, डोळ्यांत पाणी येतं आणि आपण म्हणतो, धुळीनं आलं!

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. आमचं कॉलेज घाटकोपर आणि मुलुंडच्या मधे कुठंतरी. लॅबमधल्या शेवटच्या टेबलावर आम्ही चौघं. मी मुलुंडची. नंदू परब भांडुपच्या चाळीतला, वडील गिरणीत. करुणा जाधव घाटकोपरची. आणि जिग्नेश, तोही घाटकोपरचाच, पण त्याच्या वडिलांचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान. त्याला आम्ही जिगर म्हणायचो. बाकीच्या जगात जिगर म्हणजे हिंमत, आमच्या लॅबमध्ये जिगर म्हणजे लिव्हर!

आणि आमचे सामंत सर. उंच, सावळे, हातावर कायम फॉर्मॅलिनचा वास.

पहिल्याच दिवशी सर वर्गात आले, हजेरी घेतली आणि म्हणाले, "ज्यांचं मेडिकल थोडक्यात हुकलंय, त्यांनी हात वर करा."

सगळ्यांनी मान खाली घालून हात वर केले. एकटा नंदू तसाच बसून.

"तुझं नाही हुकलं?"

"हुकलं ना सर. पण थोडक्यात नाही!"

वर्ग फुटला. सर हसले नाहीत. सगळ्यांचे हात अजून वरच होते. सरांनी एकदा सगळीकडे पाहिलं, खडू खाली ठेवला आणि सावकाश स्वतःचा हात वर केला.

"चला," म्हणाले, "म्हणजे आपण सगळे एकाच स्पीशीजचे."

* * *

डिसेक्शनला मुशी असायची. मुशी म्हणजे लहान शार्क. तिच्या डोक्यातल्या नर्व्ह्ज मोकळ्या करून दाखवायच्या. दोऱ्यासारख्या बारीक. एक तुटली की वाट लागली!

नंदूचा हात यात असा चालायचा की बघत राहावं. आम्ही नर्व्ह शोधायचो, तो जणू तिला बोलवायचा आणि ती यायची. आम्ही विचारलं, "तू सराव कुठं करतोस रे?"

तर म्हणाला, "घरी."

झालं होतं असं, की गिरण्यांचा संप सुरू झाला होता. वडील घरी बसलेले, चुलीवर भात आणि आमटी, बस्स. पण मुलगा सायन्सला! त्याच्या अभ्यासासाठी म्हणून आई भांडुपच्या बाजारातून मुशी आणायची. त्यांच्या मालवणीत मोरी. नंदू पाटावर वर्तमानपत्र पसरून डोकं सोडवत बसायचा आणि शेजारी त्याची आई मसाला वाटून, परात घेऊन उभी.

"झाला काय रे तुझा शिकाप? दी आता हकडे. वाटाप कधीचा करून ठेयलंय!"

म्हणून एकदा सरांनी तोंडी विचारलं, "परब, ही पाचवी नर्व्ह पुढं कुठं जाते?" तेव्हा नंदू पटकन म्हणाला, "सर, आमच्याकडे ती कालवणात जाते!"

सर इतके हसले की त्यांनी चष्मा काढला. त्या परीक्षेला मुशीत नंदू पहिला आला. धावत घरी गेला, आईला म्हणाला, "आये, परीक्षा संपली!"

आईचा चेहरा पडला.

"सोपली? अरे देवा! म्हंजे मासो पण सोपलो!"

हे तो आम्हांला हसत हसत सांगायचा. आम्हीही हसायचो. आता हसू येत नाही. घरी मासळी यायची ती मुलाच्या अभ्यासाच्या नावाखाली, हे कळायला मला स्वतःचं घर चालवावं लागलं.

* * *

फिजिऑलॉजीत लाळेचा प्रयोग होता. लाळेनं पिठूळ पदार्थाची साखर होते, ते दाखवायचं. त्यासाठी प्रत्येकानं टेस्ट ट्यूबमध्ये लाळ गोळा करायची.

आता चांगल्या घरातल्या मुली, समोर मुलं, आणि सगळ्यांनी मिळून थुंकायचं! तोंडं कोरडी पडली. करुणा तर भिंतीकडे तोंड करून उभी. थेंब नाही.

नंदू स्टुलावर चढला.

"मंडळी, डोळे मिटा. कैरी. हिरवीगार. आत्ता झाडावरून काढलेली. आडवी फोड... सुरीवर चीक आलाय. वर जाडं मीठ. लाल तिखट. आता दात लावा... कचकन!"

सगळ्यांच्या ट्यूबा भरल्या. करुणा सगळ्यांच्या आधी. दारातून सरांचा आवाज आला. रुमालानं तोंड पुसत होते.

"परब, पुरे! मला थिअरीचा तास घ्यायचाय!"

* * *

आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये माझ्या वडिलांनी सांगून टाकलं होतं की शुभा मेडिकल लाइनला आहे. खोटं नव्हतं. लाइन तीच होती, मी फक्त रांगेच्या बाहेर होते!

परिणाम असा, की समोरच्या पाटणकर काकू रोज काहीतरी घेऊन यायच्या. आज गुडघा, उद्या कान. एकदा दंडावरचं गजकर्ण दाखवायला आल्या. मी कंटाळून खरं सांगून टाकलं.

"अहो काकू, मी माणसांची नाही. मी बेडकांची!"

काकूंनी क्षणभर विचार केला.

"मग बेडकाला असं झालं तर काय लावतेस? तेच सांग. थोडं जास्त लावीन!"

वडील आतल्या खोलीतून हसले, मग हसू थांबलं. दाराजवळच्या भिंतीवर त्यांनी पाटीसाठी म्हणून एक खिळा आधीच ठोकून घेतला होता. 'डॉक्टर' लिहिलेली पाटी. मी बँकेत लागले त्या वर्षी आईनं त्याच्यावर बँकेचं कॅलेंडर लावलं. पण वडील तारीख बघायला नेहमी स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या कॅलेंडरकडे जायचे.

* * *

जिगरचं बेडकांशी वेगळं नातं होतं. ट्रेमध्ये बेडूक आला की तो हात जोडायचा, पुटपुटत क्षमा मागायचा, मग माझ्याकडे बघायचा. त्याचा बेडूक मी कापायचे, माझ्या आकृत्या तो काढायचा. असं छान चाललं होतं.

लॅबच्या मागे सिमेंटची टाकी होती. वर जाळी, आत बेडूक. एसवायला असताना एका सकाळी प्रॅक्टिकलच्या आधी बघतो तर जाळी बाजूला आणि टाकी रिकामी!

"कुठं गेले सगळे?" सर कडाडले.

"सर," नंदू म्हणाला, "पास होऊन गेले!"

हशा थांबायच्या आत जिगर उभा राहिला. "सर, मी सोडला त्यांना."

"का?"

"पर्युषण चालू आहे सर. घरी माझी बा उपास करते. आणि मी इकडे येऊन हे करायचा?"

आम्हांला वाटलं, आता याची गच्छंती. सर खिडकीबाहेर बघत होते. बाहेर चिखलात एक बेडूक निवांत बसला होता. "ठीक आहे," म्हणाले, "आज फळ्यावरून आकृती काढा."

पुढच्या आठवड्यात नवीन बेडूक आले. जिगरनं कात्रीला हातच लावला नाही. एकदम विचारलं, "सर, डॉक्टर माणसं वाचवतात ना? मग त्याच्या आधी किती मारायचे?"

सर म्हणाले, "सिलॅबसमध्ये आहेत तेवढे."

वर्ग खो खो हसला. जिगर नाही हसला. आणि मला वाटतं, सरही नाही. वर्ष संपलं तसं जिगरनं कॉलेज सोडलं आणि दुकानात बसला. थिअरीत तो आमच्या सगळ्यांच्या पुढे होता, हे त्याच्या वडिलांना कुणी सांगितलंच नाही.

माझ्या लग्नाच्या वेळी मी त्याच्याकडे कुकर घ्यायला गेले. त्यानं स्वतः खोक्यातून काढला, झाकण लावून दाखवलं, दोरी बांधली. मग हळूच विचारलं, "शुभा, तुमचा पोर्शन पूर्ण झाला?"

मी हो म्हटलं. खरं म्हणजे कुणाचाच झाला नव्हता.

* * *

करुणानं एकदा कवटी घरी नेली. डिपार्टमेंटमध्ये माणसाची एकच खरी कवटी होती. सर कुणाला हात लावू द्यायचे नाहीत, पण करुणाला शनिवारी दिली. "सोमवारी परत. आणि बसमध्ये मांडीवर ठेव, खाली नाही."

टॉवेलात गुंडाळून, कापडी पिशवीत घालून ती निघाली. बसमध्ये शेजारच्या बाईनं पिशवीकडे बघून विचारलं, "काय गं, कलिंगड कितीला मिळालं?"

करुणा म्हणाली, "कॉलेजातनं आणलंय."

"अगो बाई! कॉलेजात कलिंगडं पण देतात?"

इथपर्यंत आम्ही पोट धरून हसत होतो. करुणा सांगत होती, सोमवारी, टेबलावर, कवटी मधे ठेवून.

तिचं घर म्हणजे एक खोली, माणसं पाच. त्यात साताऱ्याकडून आलेली आजी. करुणाला वाटलं, आजी घाबरेल. आजी कसली घाबरते! तिनं कवटी मांडीवर घेतली, चष्म्याच्या काड्या सारख्या केल्या, आणि नात एकेक हाड दाखवत गेली तसं ऐकत राहिली. हे कपाळाचं, हे गालाचं, इथून डोळ्याची नर्व्ह आत जाते.

सगळं ऐकून झाल्यावर आजीनं विचारलं, "आन् जात कुठं असती गं ह्यात?"

"आजी, जात कुठंच नसते."

"नीट बघ."

"नसते गं आजी. खरंच नसते."

आजीनं कवटी उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली.

"मग आमच्या गावच्या लोकांना कुठनं दिसायची?"

एवढं सांगून करुणानं टेबलावरची कवटी टॉवेलात गुंडाळली आणि कपाटात ठेवून आली.

तिला एमएस्सीला प्रवेश मिळाला होता. सर स्वतः पेढे घेऊन वर्गात आले होते. पण टेलिफोन खात्याची नोकरी आधी आली, आणि खोलीत माणसं पाचच्या जागी सहा झाली होती. ती दिवसभर कानाला हेडफोन लावून बसायची. भेटली की म्हणायची, "झूलॉजीतला एक तरी अवयव कामाला आला बघ. कान!"

* * *

टीवायच्या प्रॅक्टिकलला बाहेरून परीक्षक आले होते. गोरे, जाडे, कपाळावर आठी. टेबलाटेबलावरून "हं... हं" करत चाललेले. नंदूच्या ट्रेपाशी थांबले.

नंदूनं मुशीच्या कानाचा आतला भाग काढला होता. काचेसारख्या तीन कमानी, पाण्यात तरंगत्या, कुठं ओरखडा नाही. परीक्षकांनी खिशातून भिंग काढलं. मग दुसऱ्या परीक्षकांना बोलावलं. मग सामंत सरांना.

"अरे, तू सर्जन व्हायला हवा होतास!"

"हो सर," नंदू म्हणाला. "हात होते. मार्क नव्हते!"

परीक्षक हसले आणि पुढं गेले. सामंत सर मात्र ट्रेपाशीच उभे राहिले. नंदूची आणि त्यांची नजर काही भेटली नाही. दोघंही त्या कानाकडे बघत होते.

पुढं नंदू औषधकंपनीत लागला, एमआर म्हणून. टाय, काळी बॅग, आणि सर्जनच्या केबिनबाहेरच्या बाकावर तासन् तास. एकदा मुलुंडच्या एका हॉस्पिटलात मला दिसला. मी वडिलांना घेऊन गेले होते. म्हणाला, "बघ शुभे, रोज ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत पोचतो की नाही?" आणि वडिलांच्या चपला उचलून त्यांच्या पायाशी ठेवल्या.

* * *

आता हा शेवटचा किस्सा. आमच्या जेवणांत मी हा कधी काढला नाही, कारण समोर नंदू असायचा. आता त्याचे आईवडील नाहीत, आणि गेल्या वर्षी नंदूही गेला. म्हणून सांगते.

टीवायला रक्तगटाचं प्रॅक्टिकल होतं. सरांनी आधी फळ्यावर नियम लिहिले. कुणाचं रक्त कुणाला चालतं, आईवडिलांचे गट कुठले असले की मुलांचे कुठले येतात. "हे लक्षात ठेवा. आईवडिलांपैकी एकाचा जरी एबी असला, तरी मूल ओ गटाचं होत नाही." मग हसून म्हणाले, "अपवाद एकच, आणि तो आपल्या शहराच्या नावाचा. बॉम्बे ग्रुप! साध्या तपासणीत ओ दिसतो, पण ओ नसतो. फार म्हणजे फारच दुर्मिळ. अख्ख्या नोकरीत मला एकही दिसलेला नाही."

मग म्हणाले, "घरच्यांचे गट माहीत असतील तर सांगा. फळ्यावर मांडू, मजा येईल."

नंदू पहिला उठला. "सर, माझ्या बाबांचा एबी!"

हे आम्हां सगळ्यांनाच माहीत होतं. नंदूचे बाबा भांडुपातल्या एकाही मंडळाचं रक्तदान शिबिर सोडत नसत. संपात बसलेला माणूस, पण शिबिर म्हटलं की इस्त्रीचा शर्ट घालून हजर. चाळीत सगळ्यांना सांगायचे, "गिरण बंद पडली, पण माझा रगत चालू हा! एबी! असो-तसो गावणा नाय!"

सरांनी लिहिलं, 'परब. वडील : एबी.'

कामाला सुरुवात झाली. पांढऱ्या टाइलवर दोन थेंब सीरमचे, एक निळा, 'ए'साठी, एक पिवळा, 'बी'साठी. बोट टोचायचं, दोन्हींत रक्त मिसळायचं आणि टाइल हलवत बघायचं. ज्या थेंबात रक्त रव्यासारखं दाणेदार होईल, तो आपला गट. दोन्हींत झालं तर एबी. कशातच नाही झालं तर ओ.

नंदूचं बोट मी टोचलं. "आई गं! कसाईण आहेस!" असं ओरडून झालं. मग त्यानं टाइल हातात घेऊन हलवली. निळ्यात काही नाही. पिवळ्यात काही नाही. रक्त दोन्हींत पसरलं आणि तसंच गुळगुळीत राहिलं.

"सर, मी ओ!" त्यानं मोठ्यानं सांगितलं.

सर फळ्याकडे तोंड करून प्रत्येकाचा गट लिहीत होते. त्यांनी 'वडील : एबी'च्या पुढं खडू टेकवला. 'नंदकुमार :' एवढं लिहिलं. आणि खडू तिथंच थांबला.

सगळ्यांत आधी करुणाला कळलं. तिनं टेबलाखाली माझा हात धरला. मग पुढच्या बाकावरचं कुणीतरी वळून पाहू लागलं. मग आणखी कुणी. नंदू अजून हसतच होता. मग तोही फळ्याकडे बघायला लागला.

सरांनी डस्टर घेतलं आणि अख्खा फळा पुसला. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत. सगळ्यांची नावं, सगळ्यांचे गट, नियमसुद्धा.

"सीरम खराब झालंय," ते म्हणाले. "आजचे सगळे निकाल रद्द. टाइल्स धुवा आणि घरी जा."

"पण सर," पुढून एक मुलगी म्हणाली, "माझा बरोबर आला. डॉक्टरांकडे पण हाच—"

"रद्द म्हटलं ना!"

सरांना एवढं ओरडताना आम्ही कधी ऐकलं नव्हतं. वर्ग मुकाट्यानं रिकामा झाला. करुणा दारात थोडी घुटमळली आणि गेली. उरलो नंदू आणि मी. तो सिंकपाशी टाइल्स धुवत होता, मी पुसून रचत होते. सर टेबलापाशी निळ्या-पिवळ्या बाटल्या खोक्यात भरत होते.

"सर," मागे न वळता नंदू म्हणाला, "बाटल्या नव्या होत्या. सकाळी मीच सील तोडलं."

सरांनी खोकं बंद केलं. "मग नीट हलवल्या नसशील."

नळ चालू होता. नंदूनं तो बंद केला.

"सर... तो आपल्या मुंबईचा गट..."

"असू शकतो," सर म्हणाले. त्यांचा आवाज एकदम हळू झाला होता. "मोठ्या हॉस्पिटलात तपासून देतात. माझ्या ओळखीचे आहेत तिथं. चिठ्ठी देऊ?"

नंदूनं माझ्या हातातलं फडकं घेतलं. शेवटची टाइल एका बाजूनं पुसली, मग दुसऱ्या बाजूनं पुसली, आणि इतर टाइल्सवर अलगद ठेवली.

"नको सर," तो म्हणाला. "बाटल्या मी हलवल्याच नव्हत्या."